सवलत प्लगला नको, सॉकेटला द्या

प्रति,
मा. श्री. मनोहर लाल,
केंद्रीय ऊर्जामंत्री आणि गृहनिर्माण व नगरविकासमंत्री,
नवी दिल्ली.

महोदय,


हे पत्र आपल्यालाच लिहिण्याचे कारण आपल्याकडे असलेल्या दोन खात्यांत आहे. मोटारींनी किती इंधन जाळावे याची मर्यादा ठरवणारा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगची मार्गदर्शक तत्त्वे तेच मंत्रालय काढते. नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय किती असावी हे सांगणारे आदर्श इमारत उपविधी आपल्या दुसऱ्या मंत्रालयाचे. हे तीन विषय तीन फायलींत हाताळले जातात, आणि या तिन्ही फायलींशी जिचा संबंध आहे अशा एका गाडीचा विचार त्यामुळे कुठेच पुरता होत नाही. ती गाडी म्हणजे प्लग-इन हायब्रिड. तिच्यात पेट्रोलचे इंजिन असते आणि बाहेरून चार्ज करता येईल अशी मध्यम आकाराची बॅटरीही असते. बॅटरी भरलेली असली की पन्नास-साठ किंवा त्याहून थोडे अधिक किलोमीटर ती निव्वळ विजेवर जाते, आणि संपली की पेट्रोलवर. आपल्या रस्त्यांवर अशा गाड्या आज थोड्या आहेत आणि ज्या आहेत त्या बहुतेक महागड्या आहेत. पण धोरण त्यांना झुकते माप द्यायला निघाले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे चार्जिंगची सोय नसेल, तर प्लग-इन हायब्रिड ही वजनाने वाढलेली पेट्रोल गाडीच ठरते. म्हणून तिला द्यायची सवलत केवळ प्लग आहे म्हणून देऊ नये; तो प्लग खरोखर लावला जातो हे दिसल्यावर द्यावी. आणि तो लावता यावा यासाठी पार्किंगमधल्या सॉकेटचा हक्क आधी कायद्यात आणावा.

झुकते माप म्हणजे काय, ते आधी पाहू. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्युरोने एप्रिल २०२७ पासूनच्या ‘कॅफे-३’ या इंधनमर्यादेच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. या नियमांत एकेका गाडीवर मर्यादा नसते, कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी पाहिली जाते. या सरासरीत पूर्ण विजेवरची एक गाडी तीन गाड्यांसारखी, प्लग-इन हायब्रिड अडीच गाड्यांसारखी आणि बाहेरून चार्ज न होणारी स्ट्राँग हायब्रिड दोन गाड्यांसारखी मोजावी, असे मसुदा म्हणतो. याचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. समजा, एखाद्या कंपनीला सरासरी १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड प्रति किलोमीटर गाठायचा आहे आणि तिच्या मोठ्या एसयूव्ही १२५ ग्रॅम सोडतात. तिने प्रयोगशाळेत ४० ग्रॅम भरणारी एक प्लग-इन हायब्रिड विकली, तर ती अडीच वेळा मोजली गेल्यामुळे १५० ग्रॅमची शिल्लक तयार होते आणि २५ ग्रॅमने मर्यादा ओलांडणाऱ्या सहा एसयूव्ही तिच्या आड सुखाने विकता येतात. हा हिशेब ४० या आकड्यावर उभा आहे. रस्त्यावर ती गाडी १४० ग्रॅम सोडत असेल, तर सहा एसयूव्हींना आडोसा देणे दूरच, ती स्वतःच मर्यादेबाहेर आहे. तरीही कागदावर कंपनी नियम पाळणारी ठरते, आणि देशाच्या पेट्रोलच्या बिलात सातही गाड्यांची भर पडते.

१४० हा आकडा घाबरवण्यासाठी निवडलेला नाही. युरोपात २०२१ पासून नव्या गाड्यांत प्रत्यक्ष जळलेले इंधन नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या गाड्यांच्या या नोंदी युरोपीय आयोगाने तपासल्या आणि मार्च २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे एक पंचमांशाने जास्त निघाले. प्लग-इन हायब्रिडचे मात्र साधारण साडेतीन पट निघाले, म्हणजे प्रति किलोमीटर सुमारे १०० ग्रॅमने जास्त. त्याआधी २०२२ मध्ये आयसीसीटी आणि जर्मनीतील फ्राउनहोफर या संशोधन संस्थांनी असाच अभ्यास केला होता. अशा गाड्या विजेवर किती अंतर धावतात, हे त्यांनी मालकीनुसार वेगळे करून पाहिले. खासगी मालकांच्या गाड्यांत विजेचा वाटा ४५ ते ४९ टक्के होता. कंपनीने कर्मचाऱ्याला दिलेल्या गाड्यांत तो ११ ते १५ टक्के होता. कागदावर १०० किलोमीटरला पावणेदोन लिटरही पेट्रोल न पिणारी ही गाडी खासगी मालकाकडे चार ते साडेचार लिटर आणि कंपनीच्या ताफ्यात साडेसात ते साडेआठ लिटर पीत होती.

एवढी तफावत येते कुठून? चाचणीत ठरलेल्या चक्राने गाडी चालवली जाते, आणि मालक ती किती वेळा चार्ज करेल याचा एक अंदाज गृहीत धरून विजेचे व पेट्रोलचे आकडे एकत्र केले जातात. ६० किलोमीटर विजेवर जाणाऱ्या गाडीचे ऐंशी टक्क्यांहून जास्त अंतर विजेवरच कापले जाईल, असे युरोपाच्या जुन्या सूत्राने धरले होते. रोज रात्री गाडी चार्जिंगला लावणारा आदर्श मालक त्या सूत्रात बसलेला होता. नोंदींतून खरा मालक दिसल्यावर युरोपाने सूत्र बदलले. नव्या सूत्रानुसार त्याच गाडीचा विजेचा वाटा आधी सुमारे ५४ टक्के आणि पुढच्या टप्प्यात सुमारे ३४ टक्के धरला जातो. बीएमडब्ल्यूच्या एक्स-१ गाडीच्या प्लग-इन आवृत्तीचा अधिकृत आकडा जुन्या सूत्राने ४५ ग्रॅम होता. पहिल्या दुरुस्तीनंतर तो ९६ आणि दुसरीनंतर १२२ होतो. गाडीत एक स्क्रूही बदललेला नाही. बदलला तो फक्त मालकाबद्दलचा अंदाज. ज्या गाडीचे प्रदूषण यंत्रापेक्षा मालकाच्या सवयीने ठरते, तिला कारखान्याच्या दारातच अडीचपट श्रेय देणे म्हणजे पेपर तपासण्याआधी निकाल लावण्यासारखे आहे.

या सवयीचा दोष मालकाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. कंपनीच्या गाडीचे पेट्रोल कंपनीच्या कार्डावर येते आणि घरची वीज स्वतःच्या बिलात; अशा वेळी कर्मचारी केबल काढत नाही, यात त्याचा हिशेब चोख आहे. ब्रिटनमध्ये द माइल्स कन्सल्टन्सी या संस्थेने कंपन्यांच्या ताफ्यांतील अशा गाड्यांचे आकडे तपासले तेव्हा जाहिरातीतल्या सुमारे १३० मैल प्रति गॅलनऐवजी सरासरी ४० मैलांच्या आसपास निघाली, आणि काही गाड्यांच्या चार्जिंगच्या केबल वेष्टनातच पडून होत्या. ब्रिटनने २०१८ च्या शेवटी या गाड्यांचे अनुदान थांबवले. जर्मनीने २०२२ च्या शेवटी. नेदरलँड्समध्ये कंपनीच्या गाडीवरचा कर २०१३ अखेरपर्यंत शून्यावर आणल्याने मित्सुबिशी आउटलँडरच्या प्लग-इन आवृत्तीवर उड्या पडल्या होत्या. सवलत टप्प्याटप्प्याने गेली आणि मागणीही ओसरली. या तिन्ही देशांनी सवलत आधी दिली आणि वापर नंतर मोजला. आपल्याला निदान तो क्रम उलटा करता येईल, कारण आपण उशिरा येतो आहोत.

आता आपल्या शहरांकडे वळू. घरी चार्जिंग नसेल तर पूर्ण विजेवरची गाडी बाळगणे कठीण, आणि प्लग-इन हायब्रिड तशांसाठी मधला मार्ग, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुस्थिती जवळपास उलटी आहे. चारशे किलोमीटर जाणारी विद्युत गाडी शहरात आठवड्यातून एकदा फास्ट चार्जरवर तासभर लावली तरी भागते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी लहान, ती एक-दोन दिवसांत संपते. म्हणजे तिचा लाभ घ्यायचा तर ती जवळजवळ रोज चार्ज करावी लागते. शिवाय यांतल्या बहुसंख्य गाड्या फास्ट चार्जरचा डीसी प्रवाह घेतच नाहीत. त्या मंद गतीच्या एसी प्रवाहावर तीन ते सात किलोवॅटने भरतात, म्हणून महामार्गावर आणि मॉलच्या आवारात उभ्या राहणाऱ्या डीसी चार्जरचा त्यांना उपयोग नाही. आणि विद्युत गाडीच्या मालकाला चार्ज करणे भागच असते, तो कुठूनतरी सोय काढतो. प्लग-इन हायब्रिडच्या मालकावर तशी वेळ येत नाही. पेट्रोल पंप दोन मिनिटांवर असतो. बॅटरी जितकी लहान, तितकी घरच्या सॉकेटची गरज मोठी. हा या गाडीचा गाभा आहे आणि आपल्या तीनही फायलींत तो नोंदलेला नाही.

पैशांचा हिशेबही हेच सांगतो. सोपे आकडे घेऊ. एका युनिटला पाच किलोमीटर, घरची वीज दहा रुपये युनिट. म्हणजे किलोमीटरला दोन रुपये. बॅटरी रिकामी असताना हीच गाडी लिटरला सोळा किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर किलोमीटरला साधारण साडेसहा रुपये. घरी चार्ज केले तर साठ किलोमीटरमागे पावणेतीनशेच्या आसपास वाचतात. ही बचत कोणीही सोडणार नाही. पण सार्वजनिक ठिकाणी युनिटला सगळे धरून २४ रुपये पडले, तर किलोमीटरला चार रुपये ऐंशी पैसे होतात. साठ किलोमीटरमागे वाचतात जेमतेम शंभर रुपये, आणि त्यासाठी गाडी दोन-तीन तास कुठेतरी अडकवून ठेवायची. लिटरला बावीस किलोमीटर देणारी स्ट्राँग हायब्रिड कुठेही न थांबता याच खर्चात जाते. सार्वजनिक दर असा चढण्यात सरकारचाही हात आहे. घरच्या विजेवर वस्तू व सेवा कर नाही. सार्वजनिक चार्जिंग ही सेवा मानली जाते आणि तिच्यावर १८ टक्के कर लागतो. ज्याच्याकडे स्वतःची पार्किंगची जागा आणि मीटर आहे तो हा कर न भरता फिरतो, आणि ज्याच्याकडे नाही तो कर भरून. काही मालक मग गाडीतले बटण दाबून इंजिनानेच बॅटरी भरतात. पेट्रोलची वीज करायची, ती बॅटरीत साठवायची आणि पुन्हा चाकाला द्यायची, अशी प्रत्येक पायरीवर गळती असलेली ही पद्धत सरळ पेट्रोलवर जाण्यापेक्षाही वाईट पडू शकते.

मग घरचे सॉकेट मिळण्यात अडते काय? विजेचा तुटवडा हे कारण नाही. वरच्या उदाहरणातल्या साठ किलोमीटरसाठी बारा युनिट लागतात. तीन किलोवॅटच्या, म्हणजे एका इन्स्टंट गीझरइतक्या भाराच्या सॉकेटवर ते चार तासांत भरतात, तेही मध्यरात्री. एका सोसायटीत अशा वीस गाड्या एकाच वेळी लावल्या तर साठ किलोवॅट लागतील. रात्रीच्या आठ तासांत दोन पाळ्या केल्या तर तीस. उपकरणाचाही अडसर नाही. तीन किलोवॅटपर्यंतचा साधा एसी चार्जिंग पॉइंट साडेतीन हजार रुपयांच्या आत बसावा, असे लक्ष्य ठेवून २०२१ मध्ये सरकारनेच त्याचे भारतीय मानक तयार करून घेतले. अडचण आहे ती जागेच्या मालकीची. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक इथला मोटारमालक बहुधा सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितले की खुली आणि स्टिल्टमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, ती सामाईक असते. निकाल योग्यच होता. पण त्याचा अर्थ असाही होतो की सदस्याची गाडी ज्या जागेत उभी राहते, त्या जागेतल्या भिंतीवर सॉकेट बसवायला त्याला कमिटीची एनओसी लागते. मीटर रूमपासून त्याच्या जागेपर्यंतची वायर सामाईक भिंतीवरून जाते, तिलाही लागते. पझल पार्किंगमध्ये तर गाडी रोज वेगळ्या पाटावर जाते, तिथे सॉकेट कोणाचे हाच प्रश्न. आणि चाळीत, उपकरप्राप्त इमारतीत किंवा रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्याला एनओसी मागायलाही कोणी नाही.

ऊर्जा मंत्रालयाने काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. एप्रिल २०१८ मध्ये चार्जिंग ही सेवा असून तिला वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे आपल्या मंत्रालयाने स्पष्ट केले. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीने चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागण्याचा हक्क दिला आणि नव्या जोडणीची मुदत महानगरांत तीन, इतर नगरपालिका क्षेत्रांत सात आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांवर आणली. मात्र हे नियम महावितरण, बेस्ट, टाटा किंवा अदानी यांना बांधतात. सोसायटीला बांधत नाहीत. वीज कंपनी तीन दिवसांत मीटर द्यायला तयार असली आणि कमिटीने अर्ज पुढच्या सर्वसाधारण सभेवर ढकलला, तर ग्राहकाच्या हक्काला अर्थ उरत नाही. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या आदर्श इमारत उपविधींत पार्किंगच्या २० टक्के जागांसाठी चार्जिंगची तरतूद आली आणि महाराष्ट्राच्या २०२१ व २०२५ च्या धोरणांनीही नव्या इमारतींवर भर दिला. पण शहर बनलेले असते ते जुन्या इमारतींचे. आज उभ्या असलेल्या सोसायट्यांपैकी बहुतेक पुढची तीस-चाळीस वर्षे तशाच राहणार आहेत. आणि पीएम ई-ड्राइव्ह योजनेच्या १०,९०० कोटींपैकी चार्जिंगसाठी राखलेले २,००० कोटी सार्वजनिक चार्जरसाठी आहेत. जिथे गाडी रात्रभर उभी असते त्या जागेसाठी नाहीत.

इतरांनी ही गाठ कशी सोडवली, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीने १ डिसेंबर २०२० पासून सदनिकांच्या मालकीचा कायदा बदलून प्रत्येक मालकाला चार्जिंगची सोय मागण्याचा हक्क दिला. संघटनेला ती कशी बसवायची हे ठरवता येते, बसवायचीच नाही असे ठरवता येत नाही. फ्रान्समध्ये असा सॉकेटचा हक्क कायद्यात आहे. स्पेनमध्ये स्वतःच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या खर्चाने चार्जर बसवायला शेजाऱ्यांची परवानगी लागत नाही, पूर्वसूचना पुरते. कॅलिफोर्नियात गृहसंकुलाने घातलेली अवाजवी बंदी कायद्याने निरर्थक ठरते. सवलतीच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण शांघायचे. तिथे मोटारीची नंबरप्लेट लिलावात घ्यावी लागते आणि ती महाग असते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना ती फुकट मिळत होती, पण गाडी चार्ज करण्याची सोय असल्याचे दाखवावे लागत होते. एवढ्यानेही समाधान न झाल्याने २०२३ पासून प्लग-इन हायब्रिडची फुकट प्लेट शांघायने बंद केली. चीन सरकारनेही २०२६ पासून करसवलतीसाठी अशा गाडीने निव्वळ विजेवर किमान १०० किलोमीटर जावे अशी अट घातली आहे. ज्या देशात या गाड्या सर्वांत जास्त खपतात, तोच देश त्यांना अटी घालतो आहे.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की आपल्याकडे अशा गाड्या मूठभर आहेत, मग आताच कशाला? मूठभर आहेत म्हणूनच आता. आज नियम नीट लिहिला तर कोणाच्या खिशाला चाट बसत नाही. एकदा कंपन्यांनी अडीचपट श्रेय धरून कारखान्याची आखणी केली की प्रत्येक दुरुस्तीला गुंतवणुकीचा दाखला दिला जाईल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : निम्मे अंतर विजेवर गेले तरी ते काहीच न जाण्यापेक्षा चांगले, मग परिपूर्णतेच्या हट्टापायी बऱ्या गोष्टीला का नाकारायचे? हे मला मान्य आहे, पण ज्याच्याकडे सॉकेट आहे त्याच्यापुरतेच. खासगी मालकांचा ४५ ते ४९ टक्क्यांचा वाटा हा अशा युरोपातला आहे, जिथे अनेकांकडे स्वतःचे गॅरेज असते. आपल्या सोसायटीतला सॉकेटविना मालक त्या आकड्याच्या किती खाली असेल, याची कल्पना ताफ्यांच्या ११ ते १५ टक्क्यांवरून करता येते. एवढ्या वाट्यासाठी शे-दोनशे किलो जास्त वजन आयुष्यभर पेट्रोलवर वाहायचे, तर त्यापेक्षा लहान बॅटरीची स्ट्राँग हायब्रिड बरी. मग मसुद्यात प्लग-इनला तिच्यावर अर्ध्या गाडीची आघाडी कशासाठी?

तिसरा आक्षेप सोसायट्यांकडून येईल : आग लागली तर जबाबदार कोण आणि वायरिंगचा खर्च कोणाचा? भीती खोटी ठरवून उपयोग नाही, तिला उत्तर दिले पाहिजे. खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशन कॉर्ड धोकादायक आहे, आणि परवानगी न देणाऱ्या सोसायटीत नेमके तेच होते. स्वतंत्र वायर, योग्य एमसीबी, गळती होताच वीज तोडणारे उपकरण, नीट अर्थिंग आणि परवानाधारक वायरमनचा दाखला, ही सुरक्षेची भाषा आहे. ठराव पुढे ढकलणे ही नव्हे. खर्च वापरणाऱ्याचा आणि युनिट त्याच्या मीटरचे, असे ठरले की मेंटेनन्समध्ये कोणावर भार येत नाही. चौथा आक्षेप समाजवादी वळणाचा आहे आणि तो मला सर्वांत रास्त वाटतो : श्रीमंताच्या गाडीसाठी सरकारने का झिजावे? पण मी सरकारकडे पैसे मागत नाही. उलट अपात्र गाडीचे श्रेय काढून घ्या म्हणतो. आणि तेच तीन किलोवॅटचे सॉकेट इलेक्ट्रिक स्कूटरलाही चालते आणि रिक्षालाही. दिल्लीने २०२१ मध्ये एक खिडकी पद्धतीने खासगी चार्जिंग पॉइंट द्यायला सुरुवात केली आणि पहिल्या तीस हजार पॉइंटना प्रत्येकी सहा हजारांपर्यंत मदत ठेवली, ती दुचाकी-तीनचाकीलाही उपयोगी पडणारीच होती. पाचवा आक्षेप नोंदींचा : गाडी किती चार्ज झाली हे सरकारने पाहणे ही पाळत नाही का? कोण कुठे गेला हे पाहण्याची गरजच नाही. एकूण अंतर, एकूण पेट्रोल आणि बाहेरून घेतलेली एकूण वीज एवढे तीन आकडे सर्व्हिसिंगच्या वेळी, गाडीची ओळख पुसून, मॉडेलनिहाय एकत्र केले तरी पुरते.

तेव्हा मागण्या चार आहेत. पहिली, आदर्श उपविधी आणि ग्राहक हक्क नियम एकत्र वाचून सॉकेटच्या हक्काचा आदर्श मसुदा आपल्या दोन्ही मंत्रालयांनी मिळून काढावा आणि तो सहकार कायद्यात आणण्यास राज्यांना सांगावे. सहकारी संस्था हा राज्यांचा विषय आहे, पण आदर्श मसुदा देण्यास आडकाठी नाही. त्यात ठरावीक दिवसांत लेखी कारणाशिवाय नकार दिला तर परवानगी मिळाली असे मानावे, आणि नकाराची कारणे सुरक्षा व मंजूर भार एवढ्यांपुरती मर्यादित असावीत. दुसरी, सार्वजनिक चार्जिंगच्या निधीतला काही भाग मंद एसी सॉकेटसाठी राखावा : रात्री गाड्या लागतात त्या रस्त्यांच्या कडेला, पालिकेच्या वाहनतळांत, रेल्वे स्थानकांबाहेर आणि कार्यालयांत, कारण दिवसाचे आठ तास गाडी तिथेच असते. तिसरी, प्लग-इन हायब्रिडचे श्रेय स्ट्राँग हायब्रिडच्या पातळीपर्यंत आणावे आणि त्यावरचे श्रेय प्रत्यक्ष नोंदींतून सिद्ध झालेल्या विजेच्या वाट्यानुसार पुढच्या वर्षी द्यावे. असे केले तर आपल्या ग्राहकाच्या पार्किंगमध्ये सॉकेट बसवून देण्यात कंपनीचाच फायदा असेल, आणि सोसायटीच्या कमिटीला समजावण्याचे काम सरकारऐवजी तिचा विक्रेता करील. चौथी, वस्तू व सेवा कर परिषदेत प्लग-इन हायब्रिडला वेगळा दर देण्याचा विषय आलाच, तर आपल्या मंत्रालयाने हीच अट तिथे मांडावी. आणि त्याआधी सार्वजनिक चार्जिंगवरचा १८ टक्के कर कमी करण्याचा आग्रह धरावा, कारण तो नेमका पार्किंग नसलेल्यावर पडतो.

या चारांत क्रम महत्त्वाचा आहे. सॉकेटचा हक्क न देता नुसते श्रेय कापले तर चांगली वापरली जाऊ शकणारी गाडी आपण विनाकारण मारू. श्रेय तसेच ठेवून हक्काची गोष्ट लांबवली तर पेट्रोल गाड्यांना हिरवा मुलामा देऊ. म्हणून आधी हक्क, मग मोजणी आणि मोजणीवरून श्रेय. एका मंत्र्याकडे वीज आणि घर ही दोन्ही खाती असणे हा योगायोग असेल, पण या प्रश्नापुरता तो देशाच्या फायद्याचा आहे. कॅफेचे नियम अंतिम करताना किंवा त्यांचा पहिला आढावा घेताना दोन्ही खात्यांच्या सचिवांना एका टेबलावर बसवून या क्रमाची तारखांसह घोषणा आपण करावी, एवढी विनंती.

कळावे,
आपला,
एक वीजग्राहक